बैल घरचा, गोठा विकतचा: जुन्या हार्डडिस्कला केसिंग कसं घ्यावं

बीड जिल्ह्यात वस्तू टाकून द्यायची पद्धत नाही. ठिबकच्या फुटक्या नळ्या, जळालेल्या मोटारीचा स्टार्टर, सोयरिकीतल्या तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका, सगळं माळ्यावर चढतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'असू दे, कामाला येतंय.' अशाच एका पत्र्याच्या डब्यात, आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, आमच्या घरात एक हार्डडिस्क आहे.

ती तिथं कशी आली हे सांगायची गरज नाही, कारण तुमच्याकडेही तशीच आली असणार. लॅपटॉप हळू झाला. दुकानदारानं 'एसएसडी टाका, पळायला लागंल' म्हणून सांगितलं. टाकली, आणि तो खरंच पळायला लागला. निघताना त्यानं जुनी हार्डडिस्क हातावर ठेवली आणि म्हणाला, 'ही तुमची, राहू द्या.' आपण राहू दिली.

आमच्या त्या डिस्कमध्ये बहिणीच्या लग्नाचं शूटिंग आहे. लग्न मे महिन्यातलं, कारखान्यावरून ऊसतोडीचे कोयते परतल्यानंतरचं, म्हणजे सगळी भावकी गावात असतानाचं. शूटिंगवाल्यानं दिलेल्या डीव्हीडीवर ओरखडे पडले, ती चालेना. उरली ही एकच प्रत. त्याच लग्नात आमची एक पितळी परातही गेली, पण तो विषय आई काढते तेव्हाच निघतो.

तर ही डिस्क पुन्हा चालू करायची असेल तर तिला एक डबी लागते. ती कशी निवडावी, याची ही मार्गदर्शिका. नेकनूरच्या बाजारात ज्यानं एकदा बैल घेतला आहे त्याला यातलं काहीच अवघड जाणार नाही. ज्यानं घेतला नाही, त्यानं जपून चालावं.

सुरुवातीला नाव

कंपन्या या डबीला एनक्लोजर म्हणतात. बीडच्या सुभाष रोडला एनक्लोजर मागितलंत तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल, मग आतल्या पोराला विचारेल, मग म्हणेल, 'केसिंग म्हणा की!' तर केसिंग म्हणावं.

कॅडी मात्र म्हणू नये. काही जण केसिंगलाही कॅडी म्हणतात हे खरं, पण कॅडी नावाची एक वेगळीच वस्तू आहे. लॅपटॉपमधला डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या खाचेत हार्डडिस्क बसवायची ती चौकट. तिला यूएसबीची वायर नसते. चुकून ती घरी आणली की माळ्यावरच्या डब्यात दोन वस्तू होतात, आणि दोन्ही 'कामाला येतंय' याच सदरातल्या.

पायरी 1: बैल ओळखा

गोठा आधी बांधून मग त्याच्या मापाचा बैल कुणी शोधत नाही. केसिंग घ्यायच्या आधी हातातली डिस्क नीट बघा.

लॅपटॉपची डिस्क तळहातावर मावते. ती अडीच इंची. डेस्कटॉपची किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली डिस्क विटेसारखी जाड आणि जड. ती साडेतीन इंची. च्युइंगमच्या पट्टीसारखी लांबट, उघडी हिरवी-काळी पाटी असेल तर ती एम-टू एसएसडी. या तिघींचे गोठे वेगळे. अडीच इंचीच्या केसिंगमध्ये साडेतीन इंची बसवण्याचा प्रयत्न आमच्या एका नात्यातल्यानं कानस घेऊन केला होता. कानस झिजली.

अडीच इंचीतही जाडी बघा. जुन्या बहुतेक साडेनऊ मिलिमीटर, नव्या सात. सातवाली साडेनऊच्या केसिंगात खडखड करते, म्हणून डबीसोबत स्पंजचा तुकडा येतो. तो पॅकिंगचा कचरा समजून फेकला जातो. फेकू नका. आणि जास्त जागेच्या काही डिस्क साडेबारा किंवा पंधरा मिलिमीटर जाड असतात, त्या साध्या डबीत शिरतच नाहीत.

डिस्कच्या पाठीवर लेबल असतं. त्याचा मोबाईलवर फोटो काढून दुकानात न्या. डिस्कच खिशात घालून मोटरसायकलवर नेऊ नका. बीडचे रस्ते आणि डिस्कची सुई यांचं आपसात जमत नाही.

पायरी 2: दात मोजा

बाजारात जाणकार माणूस बैलाचं नाव विचारत नाही, जबडा उघडतो. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला, सगळं दातांवरून कळतं. डिस्कचंही वय दातांवरच लिहिलेलं आहे.

बारीक टोचऱ्या पिनांच्या दोन ओळी दिसल्या तर ती आयडीई. साडेतीन इंचीला 40 पिनांची जागा, लॅपटॉपवालीला 44. हा जुळलेला बैल. साटा हे नवं मानक 2003 साली आलं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत आयडीई बाजारातून गेली. तिची केसिंगं आता शोधावी लागतात.

पिना नसून दोन चपट्या पट्ट्या असतील, एक आखूड आणि एक लांब, तर ती साटा. आखूड पट्टीवर माहितीचे सात दात, लांब पट्टीवर विजेचे पंधरा. तुमच्या घरची बहुधा हीच असणार, आणि तिचा गोठा सगळ्यात स्वस्त.

एम-टूवालीत एक फसवणूक आहे. दिसायला सगळ्या सारख्या, पण जातीनं दोन: साटा आणि एनव्हीएमई. खाच एकच आणि उजवीकडं असेल तर ती बहुतेक एनव्हीएमई. दोन खाचा असतील तर बहुतेक साटा. हे 'बहुतेक' लक्षात ठेवा आणि लेबल वाचा. एका जातीचं केसिंग दुसरीला चालत नाही. दोन्ही चालवणारी मिळतात, पण थोडी महाग.

पायरी 3: वैरण किती

इथं सगळ्यात जास्त लोक आपटतात. अडीच इंची डिस्क पाच व्होल्टवर जगते, ती वायरीतूनच वीज ओढते. साडेतीन इंचीला पाचाबरोबर बारा व्होल्टही लागतात, आणि यूएसबीचं साधं तोंड बारा व्होल्ट देत नाही. म्हणून साडेतीन इंचीचं केसिंग घ्यायचं तर अडॅप्टरसकटच घ्यायचं. साधारण बारा व्होल्ट, दोन अँपिअर. 'अडॅप्टर नाही पण स्वस्तात देतो' हा सौदा म्हणजे गव्हाणीशिवाय गोठा.

घरात पडलेला कुठलाही अडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नये. लॅपटॉपचा असतो एकोणीस व्होल्टचा. पिन गुमान आत जाते, मग धूर बाहेर येतो.

अडीच इंचीवालीचंही एक दुखणं आहे. फिरायला सुरुवात करताना ती क्षणभर एक अँपिअरच्या आसपास ओढते. जुन्या यूएसबी 2.0 तोंडाचं ठरलेलं माप अर्ध्या अँपिअरचं, 3.0 चं 0.9 चं. अशा वेळी डिस्क टकटक करते, बंद पडते, पुन्हा उठते. बघणाऱ्याला वाटतं डिस्क मेली. ती मेलेली नसते, उपाशी असते. डेस्कटॉप असेल तर पुढच्या तोंडाऐवजी मागच्या तोंडाला लावा. वायर आखूड वापरा. दोन शेपट्यांची वायर मिळाली तर दोन्ही शेपट्या लावा. एवढ्यानं कित्येक मढी उठून बसली आहेत.

पायरी 4: चाल

केसिंगच्या खोक्यावर चालीबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं. त्यातलं कामाचं एवढंच.

यूएसबी 2.0 कागदावर सेकंदाला 480 मेगाबिट पळते, प्रत्यक्षात 30 ते 40 मेगाबाइटवर दमते. 500 जीबीची भरलेली डिस्क उतरवायची तर चार तास धरा. आता चार तास सलग लाईट राहील असं गाव तुम्हाला माहीत असेल तर तिथलं एखादं स्थळ आम्हालाही कळवा.

यूएसबी 3.0 म्हणजे कागदावर पाच गिगाबिट. जुनी फिरती हार्डडिस्क मुळात सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आगेमागे देते, म्हणजे तेच काम दीड तासाच्या आत होतं. एवढी चाल तिला पुरून उरते. दहा गिगाबिटचं केसिंग तिच्यासाठी घेणं म्हणजे नांगराच्या बैलाला शर्यतीची गाडी जुंपणं. दहा गिगाबिट एनव्हीएमईला शोभतं.

नावांच्या घोळात पडू नका. 2008 साली आलेल्या यूएसबी 3.0 चं पुढं 3.1 जेन 1 असं बारसं झालं, मग 3.2 जेन 1 असं. बाळ तेच. खोक्यावर 'पाच जीबीपीएस' दिसलं की पुरे. तोंडात निळं प्लास्टिक ही तिची सर्वसाधारण खूण.

2.0 चं केसिंग शंभर-दीडशेनं स्वस्त पडतं म्हणून मोह होईल. तेव्हा एवढं आठवावं: अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला 1995 साली मंजुरी मिळाली आणि बीडच्या स्थानकात गाडी 17 सप्टेंबर 2025 ला आली. वाट बघण्याचा जिल्ह्याचा कोटा आपण आधीच भरला आहे. शंभर रुपयांसाठी आणखी भर घालू नये.

पायरी 5: गोठा पत्र्याचा की प्लास्टिकचा

फिरत्या डिस्कला अधूनमधून तासभर लावायचं असेल तर प्लास्टिकचं केसिंग चालतं. बऱ्याच डिस्कचं सोसण्याचं टोक साठ अंश सेल्सियस असतं. पण आपल्याकडं मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते आणि डिस्क तिच्यावर आपले दहा-पंधरा चढवते. उन्हाळ्यात रोज चालवायची असेल तर ॲल्युमिनियमचं घ्या. एनव्हीएमईला तर ॲल्युमिनियमच, आणि सोबतची उष्णता वाहणारी मऊ पट्टी लावूनच. ती पट्टी च्युइंगमसारखी दिसते. लहान पोरांपासून लांब ठेवा.

स्क्रूचं केसिंग की सरकत्या झाकणाचं? सरकतं सोपं. स्क्रूचं पक्कं, पण ते स्क्रू तिळाएवढे असतात आणि सारवलेल्या जमिनीवर पडले की पुढच्या जन्मी भेटतात. परातीत उघडावं. परात असेल तर.

पायरी 6: कासरा

डबी बरी आणि वायर रद्दी, असं स्वस्त केसिंगात पुष्कळदा होतं. रुंद जोडतोंडाची जी वायर असते तिचं तोंड डबीत ढिलं होत जातं. जरा धक्का लागला की डिस्क गायब. टाइप-सी तोंडाचं केसिंग मिळत असेल तर दहा-वीस रुपये जास्त द्या. त्याची वायर मोबाईलच्या दुकानात कुठंही मिळते, फक्त ती नुसती चार्जिंगची नसावी.

एक आडवाटही आहे. डिस्क एकदाच वाचायची, फोटो काढून घ्यायचे आणि विषय संपवायचा असेल तर डबी घेऊच नका. साटाला यूएसबी जोडणारी नुसती वायर मिळते. बैल झाडाला बांधल्यासारखं आहे ते, पण एका दुपारपुरतं चालतं. पंखा आणि मांजर तेवढं लांब ठेवावं.

पायरी 7: सौदा

भाव बदलतात, तरी अंदाज असावा. अडीच इंची साटा, यूएसबी 3.0, प्लास्टिक: साधारण तीनशे ते सहाशे. ॲल्युमिनियम: सहाशे ते हजार. साडेतीन इंची अडॅप्टरसह: दीड-दोन हजारांच्या आसपास. एनव्हीएमई: हजार ते दोन हजार.

दुकानातलं संभाषण साधारण असं होतं.

'दादा, गॅरंटी काय?'

'चालली तर वर्षभर.'

'आणि नाही चालली तर?'

'मग गॅरंटीचं काय करणार तुम्ही?'

बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही. इथं सगळ्यांच्या मोबाईलवर ऑनलाइन भाव दिसतो, म्हणून रुमालाचा उपयोग नाही. पण दुकानातून घेण्याचा एक फायदा आहे. 'माझ्यासमोर लावून दाखवा' असं म्हणता येतं. म्हणावंच. दुकानदार शंभर रुपये जास्त घेत असेल तर ते या दोन मिनिटांचे आहेत.

ऑनलाइन आणखी एक स्वस्ताई दिसेल: हजार रुपयांत सोळा टीबीची तयार डिस्क. ती घेऊ नये. आत छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि संगणकाला खोटं माप सांगायला शिकवलेलं असतं. ती सोळा टीबी लिहून घेते, परत मात्र देत नाही. आपल्या जुन्या पाचशे जीबीची निदान दानत खरी आहे.

पायरी 8: बांधणे

हात कोरडे, जमिनीवर सतरंजी. आधी एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. डिस्कचे दात डबीच्या तोंडात सरळ सरकवा. जोर लावावा लागत असेल तर उलटी आहे. साटाच्या पट्टीला टोकाशी काटकोनी वळण असतं, ते जुळलं की ती आपसूक बसते.

लावल्यावर डिस्क हलवू नका. आतल्या तबकड्या मिनिटाला 5400 फेरे घेत असतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावर केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी उंचीवर तरंगत असते. 'बघू, बघू' म्हणून शेजारचे काका तिला हातात उचलून घेतात तो क्षण डिस्कच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा.

पायरी 9: पाटी आली तर

सगळं नीट झालं, दिवा लागला, घरघर ऐकू आली, आणि पडद्यावर पाटी आली: डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा.

इथं हात मांडीखाली दाबून बसा. संगणक विचारतो आहे तो प्रश्न असा: 'तुमच्या वहीतलं अक्षर मला लागत नाही, वही फाडू का?' नाही म्हणा.

अक्षर न लागण्याची कारणं पुष्कळ असतात. डिस्क डीव्हीआरमधली असेल तर तिची मांडणी विंडोजला कळत नाही. मॅक किंवा लिनक्सवर भरलेली असेल तरी तेच. काही कंपन्यांच्या तयार एक्स्टर्नल डिस्कच्या मूळ डबीतच कुलूप असतं. ती फोडून डिस्क दुसऱ्या केसिंगात घातली तर सगळी माहिती जागेवर असूनही वाचता येत नाही. आणि दोन टीबीच्या पुढच्या डिस्कचं माप कित्येक जुन्या केसिंगांना पेलत नाही. आधी दुसरी वायर, दुसरं तोंड, दुसरा संगणक करून बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट साधन डिस्कची नाडी बघतं. निळं दिसलं तर ठीक, पिवळं दिसलं तर आजच प्रत काढा, लाल दिसलं तर आत्ता.

पोटभर वीज मिळूनही टकटक थांबत नसेल, तर मात्र पुन्हापुन्हा लावू नका. प्रत्येक वेळी सुईनं तबकडी खरवडण्याचा धोका असतो. कुणीतरी 'फ्रीजमध्ये ठेवा' सांगेल. फ्रीजमध्ये कोथिंबीर ठेवावी.

नवशिक्यांचे प्रश्न

*केसिंग घातलं म्हणजे बॅकअप झाला ना?*
नाही. आपल्या भागात एका बोअरवर भरवसा ठेवणारा माणूस उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत भेटतो. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, जमल्यास दुसऱ्या घरात.

*टीव्हीला लावता येईल?*
बहुतेक टीव्हीला येते. फॅट 32 मांडणी असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात बसत नाही, आणि लग्नाचं शूटिंग चार जीबीत आवरणारा शूटिंगवाला अजून जन्मायचा आहे. एक्सफॅट किंवा एनटीएफएस बघा.

*किती वर्षं टिकेल?*
हा प्रश्न अंबाजोगाईला विचारावा. दासोपंतांनी सोळाव्या शतकात तिथं बसून गीतार्णव लिहिला. परंपरा सांगते की तो सव्वा लाख ओव्यांचा, आणि त्यांना रोज ढबू पैशाची शाई लागे. त्यांनीच सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर, म्हणजे पांघरायच्या कापडावर, पंचीकरणाचा विषय लिहून काढला. ती पासोडी चारशे वर्षांनंतरही आहे. तिला केसिंग लागत नाही, अडॅप्टर लागत नाही, फक्त डोळे आणि उजेड. पण नुसतं कापड चारशे वर्षं टिकत नाही. कुणीतरी ते घडी मोडून, झटकून, पुन्हा घडी घालत राहिलं म्हणून टिकलं. डिस्कचंही तेच. दसऱ्याच्या आधी घरातल्या गोधड्यांना ऊन दाखवता ना, त्याच दिवशी डिस्कलाही तासभर संगणक दाखवा. एसएसडी असेल तर नक्कीच, कारण ती वर्षानुवर्षं विजेशिवाय राहिली तर विसरायला लागते.

फलश्रुती

आमचं केसिंग साडेचारशेला मिळालं. डिस्क पहिल्या झटक्यात टकटकली. मागच्या तोंडाला लावली तेव्हा घरघरली आणि उघडली. आत 'न्यू फोल्डर' या नावाचे सात फोल्डर, मोबाईलच्या दुकानातून भरून आणलेली गाणी, आणि शूटिंग.

सगळं घर टीव्हीसमोर बसलं. हळद झाली, सीमंतपूजन झालं, गेलेली दोन माणसं हसताना दिसली, तेव्हा कुणी बोललं नाही. मग पंगती सुरू झाल्या. वाढपी बुंदी घेऊन फिरत होते.

'थांब,' आई म्हणाली. 'मागं घे. अजून मागं. हां. ती परात बघ. आपली आहे ती.'

परात एका जवळच्या पाहुण्याच्या हातात होती. कोणाच्या, ते इथं लिहिणं बरं नाही. काठावर आजोबांचं नाव कोरलेलं आहे, पण तेवढं शूटिंगमध्ये दिसत नाही. आईचं म्हणणं, भारीतलं केसिंग घेतलं असतं तर दिसलं असतं. पाच जीबीपीएसनं चित्र स्पष्ट होत नसतं, हे मी तिला तीनदा समजावलं. तिनं एकदाच विचारलं, 'याची दुसरी प्रत कधी काढतोस?'

त्याच रात्री काढली. एक भाच्याच्या डिस्कवर, एक मावशीकडं. आजवर मी घरात बॅकअपचं महत्त्व सांगून दमलो होतो. जे मला जमलं नाही ते एका परातीनं केलं. दिवाळीला पाहुणे यायचे आहेत, आणि टीव्हीची वायर आई जागची हलू देत नाही.